चमचाभर साखरेच्या वजनाचा पक्षी: अ‍ॅनाज हमिंगबर्ड

आमच्या घरात वडलांना अण्णा म्हणतात. ते पहिल्यांदा आमच्याकडे कॅलिफोर्नियात सनीवेलला आले ते नेमके डिसेंबरात, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी बाल्कनीतल्या फीडरसमोर (पक्ष्यांसाठी साखरेचं पाणी भरून टांगलेलं भांडं) एक हिरवट पक्षी येऊन हवेतल्या हवेत थांबला. मी फोनमध्ये बघून सांगितलं की हा अ‍ॅनाज हमिंगबर्ड, म्हणजे अ‍ॅनाचा हमिंगबर्ड. अण्णांना ऐकू आलं ‘अण्णांचा’. झालं, तेव्हापासून तो पक्षी त्यांच्या मालकीचा. चहा घेताना रोज एकच प्रश्न, “माझा येऊन गेला का गं?”

खरी अ‍ॅना कोण ते आधी सांगून टाकते. फ्रान्समधली ही रिवोलीची डचेस, अ‍ॅना मासेना. तिच्या नवऱ्याला पक्ष्यांचे नमुने जमवायचा मोठा नाद होता, आणि रने लेसन नावाच्या फ्रेंच निसर्ग-अभ्यासकाने १८२९ मध्ये या पक्ष्याला तिचं नाव दिलं. तिने हा पक्षी जिवंत उडताना बघणं जवळजवळ अशक्यच, कारण हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात, ती तिकडे पॅरिसला. आता तर २०२३ मध्ये अमेरिकन ऑर्निथॉलॉजिकल सोसायटीने माणसांच्या नावावरून पडलेली पक्ष्यांची इंग्रजी नावं बदलायचं जाहीर केलंय, तेव्हा हे नाव किती दिवस टिकेल कोण जाणे. अण्णांना मी हे सांगितलेलं नाही.

पक्षी केवढा? चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण दहा सेंटीमीटर, वजन चार-साडेचार ग्रॅम. साखरेचा एक सपाट चमचा तळहातावर ओतून बघा, तेवढंच वजन, आणि त्यात हृदय, फुफ्फुस, मेंदू, डोळे, सगळं आलं. मादी पाठीवर हिरवी, पोटाकडे राखाडी, गळ्यावर मधोमध बहुतेक वेळा लालसर ठिपक्यांचा छोटा डाग, शेपटीच्या टोकांना पांढरं. नराची पाठही हिरवीच, पण गळा आणि डोकं अख्खं राणी कलरचं. साध्या गुलाबी-लाल म्हणण्यापेक्षा राणी कलरच म्हणा, लग्नातल्या शालूचा असतो ना, तोच.

आता गंमत अशी की हा राणी कलर त्याच्या पिसांत नाहीच्चे. तो मान वळवतो तेव्हा तेच डोकं काळपट दिसतं, कोळसा फासल्यासारखं, आणि परत वळला की भप्पकन पेटतं. अण्णा पहिल्या दिवशी म्हणाले दोन पक्षी आहेत, एक काळा नि एक गुलाबी. धूपछाव साडीतही रंग फिरतो पण तिथे दोन वेगळ्या रंगांचे धागे खरोखर असतात, एक उभा एक आडवा. इथे पिसाच्या बारीक तंतूंमध्ये मेलॅनिनच्या चपट्या चकत्या असतात, मेलॅनिन म्हणजे आपले केस ज्याने काळे होतात तेच, भाकऱ्यांची चवड रचावी तशा एकावर एक, आणि प्रत्येक चकतीच्या आत हवेचे सूक्ष्म बुडबुडे. प्रकाश आला की थोडा वरच्या थरावरून परततो, थोडा खालच्या, थोडा त्याच्याही खालच्या, आणि परतणाऱ्या या लाटा एकमेकींना भेटल्या की काही रंग एकमेकांना मारून टाकतात आणि एखादा रंग दुप्पट जोरात बाहेर येतो. पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर रंग दिसतात तेही याच जातीचं प्रकरण. कोन बदलला की हिशोब बिघडतो, आणि उरतं नुसतं काळं मेलॅनिन.

इथे एक जण हमखास म्हणणार की अहो हमिंगबर्ड तर आमच्या कोकणातल्या घरी जास्वंदीवर रोज येतो. नाही हो. तो शिंजीर, सूर्यपक्षी. चमकतो तोही, मधही पितो, चोचही वाकडी, पण तो शक्यतो फांदीवर बसून पितो आणि हमिंगबर्डशी त्याचं जवळचं काहीच नातं नाही. (आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा ‘आमच्या बागेत हमिंगबर्ड’ व्हिडिओ बऱ्याचदा पक्ष्याचाही नसतो, दिवसा उडणाऱ्या एका पतंगाचा असतो, नीट बघा, डोक्यावर मिशा दिसतील.) हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून जास्त जाती आहेत, सगळ्या तिकडच्याच. आणि याचा जवळचा नातेवाईक कोण तर पाकोळी! जुन्या पुलाखाली, किल्ल्याच्या दरवाज्यात पिसं-गवत थुंकीने चिकटवून घरटी करून चीं चीं करत गोल फिरणारी काळी पाकोळी. बघायला काहीही साम्य नाही, पण दोघांच्याही पायांत चालायचा दम नाही आणि दोघांचेही पंख आखूड हाडांचे नि लांब पंजाचे. चुलतभाऊ म्हणा, एक किड्यांवर राहिला आणि एक साखरेच्या नादी लागला.

आणि साखरेचा नाद म्हणजे किती? तर या पक्ष्याची जवळजवळ प्रत्येक गोष्ट साखरेच्या हिशोबाने बांधलेली आहे असं माझं मत झालंय.

पहिलं म्हणजे चव. बऱ्याच पक्ष्यांना गोड कळतच नाही. कोंबडीपुढे जिलबी टाका, ती खाईल पण गोड आहे म्हणून नाही. गोड ओळखायला आपल्या जिभेवर जे रिसेप्टर असतात त्यातला एक भाग बनवणारा जीन पक्ष्यांच्या पूर्वजांत केव्हातरी हरवला. मग हमिंगबर्डला फुलातला मध कसा कळतो? हे कोडं २०१४ मध्ये मॉड बाल्डविन आणि तिच्या सहकाऱ्यांनी सोडवलं. मटणाच्या रश्शात, मश्रूममध्ये जी भरलेली चव लागते, जपानी लोक जिला उमामी म्हणतात, ती ओळखणारा रिसेप्टर पक्ष्यांकडे शाबूत आहे. त्यांनी कोंबडी, पाकोळीच्या जातीचा पक्षी आणि हमिंगबर्ड असे तिघांचे रिसेप्टर तपासले, तर पहिल्या दोघांचा फक्त मांसाहारी चवीला उठत होता आणि हमिंगबर्डचा तोच रिसेप्टर बदलत बदलत साखरेला उठायला लागला होता. म्हणजे हरवलेली किल्ली परत मिळाली नाही, तर याने दुसऱ्याच कुलपाची किल्ली कानस मारून मारून बसवली.

दुसरं जीभ. लांब, टोकाला दुभंगलेली, आणि तिला आधार देणारी हाडं कवटीच्या मागून वळसा घालून वर येतात म्हणून ती एवढी बाहेर निघू शकते. १८३३ पासून लोक मानत होते की बारीक नळीत पाणी आपोआप चढतं तसा मध जिभेत चढतो. २०११ मध्ये अलेहांद्रो रिको-गेवारा आणि मार्गारेट रुबेगा यांनी हायस्पीड कॅमेऱ्याने बघितलं तर निराळंच निघालं. जीभ मधात शिरली की टोकाच्या दोन्ही फाट्यांवरची झालर उलगडते, बाहेर ओढताना आपोआप मिटते, आणि मध मुठीत धरल्यासारखा आत येतो. असं सेकंदाला दहा-पंधरा वेळा. आपल्या फीडरवर तो दोन-तीन सेकंद टेकून गेला असं वाटतं, तेवढ्यात त्याचे तीसेक घोट झालेले असतात.

तिसरं उडणं, आणि खरा खर्च इथेच. पंख सेकंदाला चाळीस-पन्नास वेळा, हृदय मिनिटाला हजाराच्या वर. बाकीचे पक्षी पंख खाली मारताना जोर लावतात आणि वर नेताना मिटून घेतात. हा पंख मिटत नाही, खांद्यातून उलटा करतो, त्यामुळे टोक आडव्या इंग्रजी आठासारखं फिरतं आणि परतीच्या फेरीतही थोडी उचल मिळते. किती, ते २००५ मध्ये याच्याच एका भाऊबंदावर, रुफस हमिंगबर्डवर मोजलं गेलं. तेलाच्या सूक्ष्म थेंबांचं धुकं करायचं, त्यात लेझर मारायचा, पक्ष्याला त्यात उडू द्यायचं आणि हवा कशी ढकलली जाते त्याचे फोटो काढायचे. तर वजनाचा पाऊण भार खालच्या फेरीवर, पाव भार वरच्या. किड्यांमध्ये हे निम्मं-निम्मं असतं. म्हणजे हा पक्षी किडा व्हायला निघाला आणि अर्ध्या वाटेवर थांबला असं समजा. थांबला तरी एवढं येतं की हवेत उभा राहतो, मागे उडतो, आणि पंखांच्या पसाऱ्यापेक्षा अरुंद फटीतूनही जातो. बर्कली विद्यापीठाच्या लोकांनी २०२३ मध्ये हाच पक्षी घेऊन दाखवलं की आधी तो एका कुशीवर तिरका होऊन सरकतो, आणि सवय झाली की पंख अंगाला चिकटवून सरळ गोळीसारखा जातो.

एवढा खर्च म्हणजे कमाईही तशीच लागणार. दिवसभरात स्वतःच्या वजनाहून जास्त मध, शिवाय प्रोटीनसाठी चिलटं आणि छोटे कोळी, कारण नुसत्या साखरेवर पिसं उगवत नाहीत. पण साठा? साठा जवळपास नाहीच. रोज कमवा रोज खा. मग रात्री काय करायचं, दहा-बारा तास दुकान बंद? तेव्हा थंडी फार असेल किंवा पोट नीट भरलेलं नसेल तर तो स्वतःला जवळजवळ बंदच करून टाकतो. याला टॉर्पर म्हणतात. एरवी अंगाचं तापमान एक्केचाळीस अंशांच्या आसपास, ते उतरत उतरत नऊ अंशांपर्यंत जाऊ शकतं, म्हणजे फ्रीजमधल्या भाजीपेक्षा थोडं वर. श्वास, ठोके सगळं मंद.

हे मी पुस्तकी म्हणून वाचलं होतं, पण जानेवारीत एका सकाळी सहा-साडेसहाला अण्णा मला हाका मारत आले, “अगं ए, माझा गेला.” बाल्कनीतल्या लाइटच्या माळेच्या वायरीवर तो बसलेला, पिसं फुगवून गोळा झालेला, चोच वर आभाळाकडे, डोळे बंद. मी हात जवळ नेला तरी ढिम्म. रात्री बाहेर तीन-चार डिग्री होतं. म्हटलं थांबा, हात लावू नका. आम्ही दोघं शाली घेऊन काचेच्या आतून बघत उभे. दहा-बारा मिनिटांनी अंगाला अगदी बारीक थरथर सुरू झाली, मोबाइल व्हायब्रेटवर असतो ना तशी, स्नायू थरथरवूनच तो ऊब तयार करत असतो. मग डोळा उघडला. मग मान. आणि मग एकदम टण्णकन उडून थेट फीडरवर, आणि प्यायला की प्यायला. अण्णा म्हणाले, “पहिल्या पाळीचा कामगार आहे हा. उठला की आधी चहा.”

आता कुठे कुठे सापडतो ते बघू. न्यू जर्सी, बोस्टनकडच्या मंडळींकडे येतो तो वेगळा, रुबी-थ्रोटेड, आणि तो हिवाळ्यात मेक्सिको, मध्य अमेरिकेकडे निघून जातो. अ‍ॅना पश्चिम किनाऱ्याचा, आणि शक्यतो घर न सोडणारा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाचा उत्तर भाग आणि कॅलिफोर्नियाचा दक्षिण भाग एवढ्यातच पिलं काढायचा. मग लोकांनी बागा केल्या, हिवाळ्यात फुलणारी परदेशी झाडं लावली, त्यात ऑस्ट्रेलियातून आलेली निलगिरी सगळ्यात महत्त्वाची, आणि घरोघरी फीडर टांगले. साखरेची सोय पुढे सरकत गेली तसा हा तिच्या मागे मागे वर चढला, ओरेगन, सिअ‍ॅटल, आणि थेट कॅनडातलं व्हँकूव्हर, जिथे २०१७ मध्ये त्याला शहराचा अधिकृत पक्षी करून टाकलं. पूर्वेला अ‍ॅरिझोनातही आहे. लोकांनी आपापल्या फीडरवर ठेवलेल्या नोंदी जमवून २०१७ मध्येच एक अभ्यास झाला, त्यात दिसलं की तो वर्षागणिक जास्त थंड जागी वस्ती करतोय, ज्या भागात घरं दाट तिथे आधी जातोय, आणि नव्या मुलखात फीडरवर जास्त अवलंबून आहे. दक्षिणेचा पक्षी बर्फात राहतो तो आपल्या स्वयंपाकघरातल्या साखरेच्या जोरावर, टॉर्परची साथ धरून.

नराचं प्रेमप्रकरण मात्र हिशोबाबाहेरचं आहे. गाणं असं नाहीच, चाकाला तेल नसल्यासारखं खरखर किरकिर करतो, पण ते लहानपणी ऐकून ऐकून शिकलेलं असतं, जे पक्ष्यांत फार थोड्यांना जमतं. खरा कार्यक्रम वेगळा. तो तीसेक मीटर उंच चढतो, दहा मजली इमारतीएवढा, आणि मादीच्या दिशेने सरळ खाली झेपावतो, अगदी तिच्या डोक्यावर आल्यावर वळतो आणि त्या क्षणी कानाला टोचेल असा ‘चिप्प’ आवाज येतो. हा आवाज घशातला का शेपटीचा यावर बरीच वर्षं वाद होता. बर्कलीच्या क्रिस्टोफर क्लार्क आणि टेरेसा फीओ यांनी २००८ मध्ये निकाल लावला: शेपटीची कडेची पिसं काढली तर आवाज बंद, आणि तेच पीस हवेच्या बोगद्यात जोरदार झोतासमोर धरलं तर पीस एकटंच शिट्टी वाजवतं. नर खाली पोचल्यावर निमिषभर शेपूट पसरतो, बास. (पिसं परत उगवतात, काळजी नको.) पुढच्या वर्षी क्लार्कने वेग मोजला, त्यासाठी पिंजऱ्यातली नाहीतर चक्क पेंढा भरलेली मादी ठेवायचा आणि नर तिच्यावरही भाळायचे. सेकंदाला सत्तावीस मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ शंभर किलोमीटर. स्वतःच्या शरीराच्या लांबीत मोजलं तर सेकंदाला ३८५ लांब्या, बहिरी ससाणासुद्धा या मापात मागे पडतो. आणि वळताना अंगावर गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास नऊ पट ताण. ऊन असेल तर उडी अशी धरतो की गळ्याचा राणी कलर नेमका तिच्या डोळ्यांसमोर पेटावा.

एवढं करून झालं की याचा संबंध संपला. घरटं, अंडी, पिलं, सगळं बाई एकटी बघते. कॅलिफोर्नियात हे डिसेंबरातच सुरू होतं, बाकी पक्षी वसंताची वाट बघत असतात तेव्हा. आमच्या बाल्कनीच्या कोपऱ्यात कोळ्याचं जाळं होतं, मी झाडू घेऊन गेले तर एक मादी तिथेच तरंगत त्या जाळ्याचे धागे चोचीला गुंडाळत होती, गोदरेजच्या कपाटामागून लोकर ओढावी तशी. मी झाडू खाली ठेवला. घरटं समोरच्या झाडावर निघालं, अर्ध्या लिंबाएवढी वाटी, आत झाडाची म्हातारी नि कापूस, बांधायला कोळ्याचे धागे, आणि बाहेरून चिकटवलेलं काय तर दगडफूल! म्हणजे गोड्या मसाल्यातल्याच जातीचं, झाडाच्या सालीवर उगवतं ते, त्यामुळे लांबून नुसती फांदीची गाठ वाटते. आत बसून ती पाय आपटून तळ दाबायची आणि हनुवटीने काठ गुळगुळीत करायची, थेट कुंभारासारखी. अंडी दोन, पांढरी, शेंगदाण्याएवढी. साधारण सोळा दिवसांनी पिलं, आणि पुढे तीनेक आठवड्यांत ती उडाली. तोपर्यंत वाटी ताणून ताणून रुंद झालेली, कोळ्याचा धागा लवचिक असतो ना. अमेरिकेत असं घरटं हलवणं १९१८ च्या कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे झाड कापायला आलेल्या माणसाला मी जिन्यातूनच परत पाठवला.

फीडरचं शेवटी सांगते कारण यावर आमच्याकडे भांडण झालेलं. प्रमाण सोपं आहे, साधी पांढरी साखर एक वाटी, पाणी चार वाट्या, बास. लाल रंग नको, मधमाशीचा मध नको (बुरशी धरते आणि आंबतो), ब्राउन शुगर नको. अण्णांचं अख्खं आयुष्य वाळव्याकडे उसात गेलेलं, त्यांचं म्हणणं पांढरी साखर हे विष आहे, पाखराला गूळ घाला, आम्ही बैलांना घालतो. पण गुळात मळी असते, तिच्यातून लोह जातं आणि या पक्ष्याचं शरीर एवढं लोह बाहेर टाकायला केलेलंच नाही. ते काही पटेना. पण एका रविवारी त्यांनीच फीडर नाकाशी धरला आणि म्हणाले, “आंबलंय गं हे, रसवंतीच्या मागच्या बादलीसारखा वास येतोय.” मी आठवडाभर बदललाच नव्हता. थंडीत ठीक, पण ऊन असेल तर दोन-तीन दिवसांत बदलायचं, गरम पाण्याने धुवायचं. चूक माझी.

त्या दिवशी मी त्यांना उसाचा प्रयोग सांगितला. सांता बार्बरा विद्यापीठाच्या केनेथ वेल्च आणि राउल सुआरेझ यांना बघायचं होतं की हा आत्ता प्यायलेली साखर जाळतो का आधी साठवलेली चरबी. माणूस पळताना ग्लुकोजचं पाणी प्यायला तरी त्याचे स्नायू बरंचसं काम जुन्या साठ्यावरच करतात. त्यांनी काय केलं, आधी पक्ष्यांना बीटच्या साखरेवर ठेवलं आणि मग एकदम उसाची साखर दिली. चवीला दोन्ही एक. पण ऊस हवेतला कार्बन वेगळ्या पद्धतीने धरतो, त्यामुळे उसाच्या साखरेत जरा जड असा एक कार्बन बीटपेक्षा किंचित जास्त असतो, आणि तो मशीनवर ओळखता येतो. फीडरला मास्कसारखी नळी लावली, पक्ष्याने प्यायला डोकं आत घातलं की उच्छ्वास गोळा. अर्ध्या तासाच्या आत त्या उच्छ्वासात उसाची खूण उमटायला लागली, अ‍ॅनातही आणि रुफसमध्येही, आणि हवेत उभं राहायची बहुतेक ताकद त्याच साखरेतून येत होती. हे २००७ साली छापून आलं.

अण्णा बराच वेळ गप्प. मग उठून किचनमध्ये गेले, ओट्याखालचं साखरेचं पाकीट काढलं, चष्मा लावला आणि मला बोलावलं. “इंग्रजी बारीक आहे, वाच. उसाची आहे का बीटची?” इथे पाकिटावर नुसतं ‘शुगर’ लिहिलेलं असलं की बीटची असू शकते. आमच्यावर ‘केन शुगर’ होतं.

“मग हरकत नाही,” म्हणाले, आणि चार वाट्या पाणी मोजायला लागले.